प्रतिसाद: एसी/डीसीच्या अक्षरांचा फाँट
एसी/डीसी या रॉक बँडच्या बोधचिन्हासारखा फाँट इन्स्टॉल करूनही सांगलीतील फ्लेक्सच्या दुकानात बॅनरवरची अक्षरे बदलली, म्हणजे फाइलच सदोष असावी, हा मूळ चर्चेत काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. फाँट केवळ आपल्या संगणकावर असतो आणि दुकानातील संगणकाला तो सापडला नाही, की त्याजागी दुसरा वापरला जातो. म्हणून कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर अंतिम झाल्यावर कंट्रोल-क्यू दाबून त्याचे कर्व्हज करावेत (म्हणजे अक्षरांचे फाँटवर अवलंबून नसलेल्या आकृत्यांत रूपांतर करावे) आणि मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी, कारण कर्व्हज केलेल्या मजकुरातील शुद्धलेखन नंतर सुधारता येत नाही. विश्रामबागेत कॉलेजच्या गॅदरिंगचे फलक करताना आम्ही हेच करतो. मराठी ओळ मात्र नेहमीच्या देवनागरी फाँटमध्येच ठेवावी लागते, कारण बँडच्या धर्तीवरील या फाँटमध्ये बहुधा रोमन अक्षरेच असतात.

‘बँडचा अधिकृत फाँट’ हा शब्दप्रयोगही येथे जपूनच करावा. एसी/डीसीचे बोधचिन्ह जेरार्ड हुएर्टा यांनी 1977 साली हाताने रेखाटले. त्यात ए, सी, डी एवढीच तीन वेगळी अक्षरे आणि मधली वीज आहे. उरलेली अक्षरे नंतरच्या फाँटकारांनी (काहींनी फारच ओढूनताणून) कल्पनेने बेतलेली असल्यामुळे दोन फाँटमधील ‘एस’ एकसारखा दिसेलच असे नाही.