ल आणि श हिंदी वळणाचे का दिसतात?

प्रश्न: साइटवर नोटो सॅन्स देवनागरी लावलाय. तरी ल, श हिंदी वळणाचे येतात, शिवाय 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. फॉन्ट बदलू का?

उत्तर १: बदलू नका. मराठी ल-श त्याच फॉन्टमध्ये आहेत. पानाची भाषा सांगणाऱ्या, एचटीएमएल टॅगच्या लँगमध्ये 'एमआर' हा मराठीचा कोड द्या. तिथे 'एचआय' (हिंदी) किंवा 'ईएन' (इंग्रजी) राहिलं, की ब्राउझर मराठी रूपं उचलतच नाही.

उत्तर २: दऱ्याचा दोष टंकनाचा. साधा र नको. नुक्ता असलेला ऱ (युनिकोड ०९३१), हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर ऱ शिफ्ट-जे वर, हलन्त डी वर.

उत्तर ३: फाइल हलकी करायला फॉन्ट छाटला असेल तर तोही तपासा. ओपनटाइप या फॉन्ट-प्रकारातली स्थानिक (भाषेनुसार बदलणारी) अक्षररूपं गाळली गेली असतील तर कोड लावूनही फरक पडणार नाही. साइटऐवजी लिब्रेऑफिससारख्या लेखन-सॉफ्टवेअरमध्ये लिहीत असाल, तर तिथे मजकुराची भाषा मराठी ठेवा.