मदत हवी आहे : पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, PET) जिवाणूंमुळे खरंच तुटतंय का, हे एचपीएलसीशिवाय (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) कसं दाखवायचं?

नमस्कार. एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचा प्रोजेक्ट आहे. कचरा डेपोच्या मातीतले तीन जिवाणू पाण्याच्या बाटलीच्या तुकड्यांसोबत मिनिमल मीडियात (मोजकीच पोषकद्रव्यं असलेलं द्रावण), 30 अंशांना, शेकरवर आठ आठवडे ठेवले. वजनात घट जेमतेम 1 मिलिग्रॅम, आणि जिवाणू न घातलेल्या फ्लास्कमध्येही जवळपास तेवढीच! तुकडे एसडीएसने (एक डिटर्जंट) धुऊन, वाळवून मगच तोलले होते.

चूक कुठे झाली ते आता कळतंय. 2016 मध्ये जपानमधल्या साकाई शहरातून नोंदवलेल्या इडिओनेला साकाएन्सिस या जिवाणूने पेटची फिल्म सुमारे सहा आठवड्यांत संपवली, पण ती फिल्म जवळजवळ अस्फटिकी (रेणूंची घट्ट, शिस्तबद्ध रचना नसलेली) होती. बाटलीचं पेट ताणून घडवलेलं, बरंच जास्त स्फटिकी. पेटेजसारख्या, पेट तोडणाऱ्या एन्झाइमला तिथले एस्टर बंध (पेटच्या साखळीतले दुवे) गाठणंच अवघड. म्हणून आता अस्फटिकी फिल्म मागवली आहे.

माझ्या एका जिवाणूने बीएचईटी (पेटच्या साखळीचा एक घटक) मिसळलेल्या आगरवर स्वच्छ वलय दिलं, म्हणजे तिथला बीएचईटी तुटला. पण बीएचईटी हा छोटा रेणू, साधं एस्टरेज एन्झाइमही तो तोडतं, म्हणून मी तो पुरावा धरत नाही.

कॉलेजात एचपीएलसी नाही, बाहेर तपासायला पैसे नाहीत, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. हातात दहा आठवडे. पेट तुटल्यावर सुटणारं टेरेफ्थॅलिक आम्ल 240 नॅनोमीटरजवळ मोजायचा विचार आहे, मात्र मीडियातलं यीस्ट एक्स्ट्रॅक्टही तिथेच शोषण दाखवतं. जिवाणू आहेत पण फिल्म नाही, असा फ्लास्क ब्लँक म्हणून वजा केला तर परीक्षकांना चालेल, की आम्ल आधी वेगळं काढावंच लागेल? कुणी प्रत्यक्ष केलंय का?