मदत हवी आहे: दुसरा मूव्ह कंट्रोलर सुटा मिळेना, आणखी एक बंडल घ्यावा का?

धागाकर्ता (डिसेंबर २०१०)
सोनीच्या पीएस३ कन्सोलवर मूव्हचा (हातात धरून हलवायचा, टोकाला उजळणारा गोळा असलेला कंट्रोलर) १०० डॉलरचा बंडल आहे: एक कंट्रोलर, प्लेस्टेशन आय कॅमेरा आणि स्पोर्ट्‌स चॅम्पियन्स हा गेम. दोघांनी खेळायला दुसरा कंट्रोलर हवाय. ५० डॉलरचा सुटा कुठेच शिल्लक नाही, बंडल मात्र दिसतात. लिलावाच्या साइटवर सुट्याला छापील किमतीच्या वर बरंच मागतात. सोनी म्हणते ४१ लाख कंट्रोलर गेले. मग टंचाई खरी की मुद्दाम केलेली? आणि डाव्या हातात धरायचा ३० डॉलरचा नेव्हिगेशन कंट्रोलरही घ्यावा लागेल का?

हिशेबनीस
४१ लाख हा आकडा दुकानांकडे रवाना झालेल्या मालाचा आहे. गिऱ्हाइकांनी घरी नेलेल्याचा नाही. शिवाय तो कंट्रोलरचा आहे, घरांचा नाही. एका घरात दोन जातात, हौशी घरात चार. मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट (हातात काही न धरता खेळायचा कॅमेरा) एका कन्सोलला एकच लागतो, त्यामुळे दोघांचे आकडे शेजारी ठेवून कोण पुढे हे ठरवणाऱ्यांकडे दुर्लक्ष करा.

मुद्दाम टंचाई करण्यात कंपनीचा फायदा मला तरी दिसत नाही. सुटा, बंडलमधला आणि ३२० जीबी कन्सोलच्या खोक्यातला, तिन्ही कंट्रोलर एकच. कशात किती घालायचे हे माल बाजारात येण्याच्या खूप आधी ठरतं, आणि खोकी सीलबंद झाली की दुकानदार ती फोडून सुटे विकत नाही. सुरुवातीला घेणाऱ्यांकडे कॅमेरा नसणार असं धरून बंडलवर भर दिला असेल, तर दुसऱ्या कंट्रोलरची मागणी सगळी सुट्यांवर येते. तुम्ही नेमके त्याच रांगेत आहात.

धागाकर्ता
बंडल घेऊन कॅमेरा आणि गेम विकून टाकले तर?

हिशेबनीस
कागदावर बरं दिसतं. नवा कॅमेरा ४० ला, गेम ४० ला, तुम्ही वर देताय फक्त ५०. पण हीच शक्कल सगळे लढवतायत, त्यामुळे जुन्या बाजारात याच दोन वस्तूंचा ढीग पडणार. पीएस३ ला दुसऱ्या कॅमेऱ्याचा उपयोग नाही. दोन्ही मिळून ५० सुटतील अशी खात्रीची गिऱ्हाइकं आधी हाताशी असतील तरच घ्या.

सर्किटवाला
नेव्हिगेशनवर पैसे घालवू नका. डाव्या हातात डुअलशॉक ३ (पीएस३ चा नेहमीचा कंट्रोलर) धरला की काम होतं, फक्त एका हातात तो जरा अवजड वाटतो. स्पोर्ट्‌स चॅम्पियन्समध्ये टेबल टेनिस, डिस्क गोल्फला माणशी एक मूव्ह पुरतो. तिरंदाजीत एकाने भागतं, पण खरी मजा माणशी दोनमध्ये. दोघांचे झाले चार, आणि कॅमेरा एका वेळी चारच गोळे ओळखतो.

वापरलेला घेणार असाल तर तिथेच तपासून घ्या. मिनी-यूएसबी केबलने (डुअलशॉक ३ चीच चालते) पीएस३ ला जोडा, पीएस बटण दाबा, मग केबल काढून बघा. लगेच बंद पडला तर बॅटरी गेली. गोळा लाल, हिरवा, निळा तिन्ही रंगांत नीट उजळायला हवा. मागच्या भिंतीपेक्षा उठून दिसेल असा रंग सिस्टिम निवडते, एक एलईडी मेलेला असला की तिची निवड फसते. अंतर ती गोळ्याच्या दिसणाऱ्या आकारावरून काढते, म्हणून चेपलेला गोळा नको.

धागाकर्ता
माझ्या आहे त्या कंट्रोलरचा कर्सर मध्येच उडी मारतो. तोही खराब?

सर्किटवाला
बहुतेक नाही. कॅमेऱ्याच्या लेन्सभोवतीची कडी फिरवून निळ्या खुणेवर आणा. लाल खूण जवळच्या दृश्याची, ५६ अंशांची. निळी ७५ अंशांची, मूव्हला तीच लागते. तुमच्या पाठीमागे दिवा किंवा उघडी खिडकी असेल तर झाका. कंट्रोलरच्या आत मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा) असतो, त्यामुळे कॅलिब्रेशन स्पीकरपासून लांब करा.

हिशेबनीस
सुट्यासाठी एकाच दुकानात नाव लावा. शंभर मागून चाळीस मिळाले की दुकानदार पुढच्या खेपेला अडीचशे मागतो, गिऱ्हाईकही तीन ठिकाणी नाव लावतं. कारखान्याला मागणी आहे त्याच्या कितीतरी पट दिसते. माल आला की हीच नावं रद्द होतात आणि फळ्या भरतात. निन्टेन्डोच्या ‘वी’ कन्सोलच्या वेळी टंचाई दोन नाताळ पुरली, पण तिथे कन्सोलच मिळत नव्हता. इथे ॲक्सेसरी आहे. जानेवारीच्या मध्यापर्यंत छापील किमतीच्या वर एक डॉलर देऊ नका.