मदत हवी आहे: फायबर बॉडीची सॅन स्टॉर्म घरीच रंगवायची आहे, रंग कुठला घ्यावा?

तिरफळ:
नमस्कार मंडळी. गाडी सॅन स्टॉर्म, दोन सीटची, कापडी टपाची, रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनवाली. इंजिन ठणठणीत आहे, रंगाची मात्र वाट लागली आहे. लाल रंग बॉनेटवर पांढुरका पडलाय, हात फिरवला की भुकटी लागते. दरवाज्याच्या हँडलपाशी आणि मागच्या चाकाच्या कमानीवर जाळीदार तडे आहेत.

मुक्काम कुडाळ. खळ्याच्या बाजूला पत्र्याची शेड आहे, तीन बाजूंनी उघडी. कॉम्प्रेसर २ एचपी, ५० लिटर टाकी, सिंगल फेज. मनात तीन रंग आहेत: मिलिटरी हिरवा, मेटॅलिक काळा किंवा पिवळा. सामान किती लागेल, क्रम काय, आणि फायबर असल्यामुळे काय वेगळं करावं लागतं? जुना रंग उतरवायला पेंट रिमूव्हर चालेल का?

गंज_नाही:
रिमूव्हर अजिबात नको. तो रंग खातो तसाच खालचं पॉलिएस्टर रेझिनही मऊ करतो. आत मुरलेला रिमूव्हर नंतर नव्या रंगाखालून फोड काढतो. फायबरवर रंग घासूनच उतरवायचा.

आणि मिलिटरी हिरवा यादीतून काढा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१ व्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कुणालाही ऑलिव्ह ग्रीन वापरता येत नाही. बाकी कुठलाही रंग घेतलात तरी आरसीवर रंगाची नोंद असते, म्हणून रंग बदलण्याआधी आरटीओकडे अर्ज आणि विमा कंपनीला पत्र. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची ना हरकतही लागेल.

लांबी_मास्तर:
तयारीबद्दल सविस्तर लिहितो, कारण फायबरच्या गाडीवर रंग बिघडतो तो बहुधा तयारीतच.

आधी धुणं, मग मेण-ग्रीस काढायचं सॉल्व्हंट, आणि त्यानंतरच पॉलिश पेपर. हा क्रम उलटला तर डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन पेपरच्या ओरखड्यांत बसतं आणि रंग मारताना फिश आय उठतात, म्हणजे रंग गोल सरकून मधे खळगा राहतो. काम चालू असेपर्यंत त्या शेडच्या आसपास सिलिकॉनचा स्प्रे उघडूसुद्धा नका.

मग १८० नंबरने सुरुवात, ३२० वर शेवट. सगळं कोरडं. पाणी लावून घासायची आपल्याकडे सवय आहे, ती पत्र्यावर ठीक. फायबरचा जेलकोट (वरचा कडक रेझिनचा थर) कुठे फुटला असेल, बारीक छिद्रं असतील, तर पाणी काचेच्या धाग्यांत शिरतं आणि उन्हात वाफ होऊन रंग उचलतं. एपॉक्सी प्रायमरने बॉडी बंद होईपर्यंत पाण्याचा डबा लांब ठेवा. जुना रंग घट्ट असेल तिथे जेलकोटपर्यंत जायची गरजही नाही, भुसभुशीत थर गेला की पुरे. फायबरची धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसाला वाईट, तेव्हा पी२ दर्जाचा मास्क आणि पूर्ण बाह्या.

जाळीदार तड्यांवर नुसती लांबी भरू नका. तडा जेलकोटमध्ये असतो आणि मागून पॅनेल लवचिक असतं, त्यामुळे लांबी भरलेला तडा थोड्याच दिवसांत त्याच जागी परत दिसतो. ८० नंबरने तडा संपेपर्यंत उतरतं घासा, दोन्ही बाजूंना बोटभर जास्त. धागे दिसले तर पातळ काचकापड आणि एपॉक्सी रेझिनचे दोन थर द्या, सुकल्यावर घासून सपाट करा, वरून पॉलिएस्टर पुट्टी हलक्या हाताने. हँडलपाशी तडे आहेत म्हणजे तिथे मागून बोल्ट जास्त आवळलेला किंवा वायसर लहान असणार. तो आधी बघा, नाहीतर ही मेहनत फुकट.

पुट्टीत हार्डनर वजनाने सुमारे २ टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त घालतात, पण उरलेलं पेरॉक्साइड वरच्या थरांतून वर येतं आणि पांढऱ्या किंवा फिकट रंगावर पिवळसर डाग उमटतात. एका डब्यातली तयार एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी तर वापरूच नका. ती महिनोन् महिने आकसत राहते आणि पेपरचे ओरखडे वर दिसू लागतात.

पुढे एपॉक्सी प्रायमरचे दोन कोट. पत्र्यासाठीचा एच (अॅसिडवाला एचिंग) प्रायमर इथे निरुपयोगी, त्याचं काम धातूला धरण्याचं. एपॉक्सीवर २के (रंग आणि हार्डनर असे दोन भाग मिसळून मारायच्या) सर्फेसरचे, म्हणजे बारीक खळगे भरणाऱ्या जाड प्रायमरचे, तीन कोट, गनला १.६ ते १.८ मिमीची टिप लावून. सुकल्यावर काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा करून ४०० ने घासा. जिथे काळं राहिलं तो खळगा, जिथे लगेच गेलं तो उंचवटा. शेवटी ६०० किंवा ८००, आता पाण्याने चालेल.

चुंबकी जाडीमापक फायबरवर आकडा देत नाही. म्हणून किती कोट मारले ते पॅनेलवार वहीत लिहून ठेवा, पॉलिश करताना तोच आधार.

रंगपेटी:
आता रंग. फायबरच्या गाडीत आधी उष्णता बघावी लागते, आवड नंतर.

काळी गाडी कोकणातल्या एप्रिल-मेच्या उन्हात उभी राहिली की पृष्ठभाग सहज ७० अंशांच्या वर जातो. त्या तापमानाला साधं पॉलिएस्टर रेझिन थोडं मऊ पडतं, पुन्हा आकसतं, आणि खालच्या काचकापडाची वीण चकचकीत रंगावर उमटते. शिवाय हाताने घडवलेल्या फायबर पॅनेलमध्ये थोडी लाट असतेच. पांढऱ्यात ती लपते, काळ्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडंतिकडं दिसतं. घासणाऱ्याचा हात पक्का नसेल तर काळ्याच्या वाटेला जाऊ नये.

मेटॅलिकची अडचण वेगळी. त्यातले अॅल्युमिनियमचे कण गन किती लांब, किती वेगात, रंग किती ओला यावर बसतात. घरी छोट्या कॉम्प्रेसरने दाब खाली-वर झाला की एका पॅनेलवर ढगाळ पट्टे येतात. दरवाजा आडवा ठेवून रंगवला आणि बॉडी उभी, तरी छटा वेगळी दिसते. सॉलिड रंगात यातलं काही होत नाही, आणि उद्या एक पॅनेल परत मारायची वेळ आली तर जुळतंही.

पिवळा चांगला दिसेल, काळ्या कापडी टपाखाली तर झकासच. पण पिवळ्याची खालचा रंग झाकायची ताकद कमी असते. करड्या सर्फेसरवर मारलात तर पाच-सहा कोटांनंतरही खालचा करडा हिरवट होऊन डोकावतो. त्याच्याखाली पांढरा सर्फेसर हवा, मग तीन-चार कोटांत भागतं. लालचंही असंच.

खर्चाचा एक मुद्दा कुणी बोलत नाही. रंग बदलला की दरवाज्यांच्या चौकटी, बॉनेटखाली, डिकीच्या कडा हे सगळं रंगवावं लागतं, म्हणजे मेहनत जवळजवळ दुप्पट. पूर्वीचाच लाल ठेवलात तर हे वाचतं, आरटीओचा कागदही वाचतो.

माझं मत: लाल किंवा फिकट पिवळा, सॉलिड, वर यूव्ही संरक्षण असलेला क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. मॅट नको. मॅटवर धूळ बसली तर घासून-पॉलिश करून काढता येत नाही, अख्खं पॅनेल पुन्हा मारावं लागतं. मनातून छटा बनवून घेण्यापेक्षा सध्या विक्रीत असलेल्या गाडीच्या कंपनी कोडचा रंग घ्या, पाच वर्षांनी टचअपला तोच मिळेल. सगळे डबे एकाच वेळी घेऊन एका मोठ्या भांड्यात मिसळा. पोस्टकार्डाएवढ्या पत्र्यावर नमुना मारून तो सकाळच्या उन्हात, सावलीत आणि रात्री दिव्याखाली बघा.

तिरफळ:
सगळ्यांचे आभार. काळा आणि हिरवा बाद. लालच ठेवतो. आता सामान किती आणि गन कुठली? आणि २के ऐवजी डुको (हार्डनर नसलेला एनसी रंग) मारला तर स्वस्तात होईल का?

लांबी_मास्तर:
एवढ्या छोट्या गाडीला अंदाजे: एपॉक्सी १ लिटर, सर्फेसर २ लिटर, बेस रंग थिनरआधी २ लिटर, क्लिअर १.५ लिटर, त्या त्या कंपनीचे हार्डनर आणि थिनर. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेच, दुसऱ्या कंपनीचा हार्डनर मिसळू नका. थिनर हवामानाप्रमाणे, तुमच्याकडे ३० अंशांच्या वर मंद सुकणारा घ्या, नाहीतर रंग गाडीवर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि खरखरीत बसतो.

२ एचपीच्या कॉम्प्रेसरवर एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गन दमेल, तिला हवा जास्त लागते. एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) घ्या, १.३ मिमीची टिप. गनपाशी दाब २ बारच्या आसपास, अंतर १५ ते २० सेंमी, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढलेला. हवेच्या पाइपला पाणी अडवणारा फिल्टर लावाच, टाकीतलं पाणी रोज सोडा. दोन कोटांत १० ते १५ मिनिटं. घाई केली तर खालचं सॉल्व्हंट वरची साय फोडून बाहेर येतं आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात.

डुको चालतो, पण दमट हवेत पांढरा धुरकट होतो आणि दरवर्षी पॉलिश मागतो. काम काढाच नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दव वाळल्यावर. हवेत आर्द्रता ७० टक्क्यांवर असेल तर त्या दिवशी गन हातात घेऊ नका.

गंज_नाही:
२के चा हार्डनर म्हणजे आयसोसायनेट. त्याचा वास येत नाही म्हणून लोक फसतात. एकदा अॅलर्जी बसली की दमा आयुष्यभर, नंतर थोडासा फवाराही सोसत नाही. कापडी मास्क म्हणजे काहीच नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क हाच खरा उपाय. तो नसेल तर निदान नवीन ए२पी२ (सॉल्व्हंटची वाफ आणि कण दोन्ही अडवणाऱ्या) कार्ट्रिजचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा, सोबत चष्मा, नायट्राइल हातमोजे, अंगभर सूट. त्या शेडला खेटून कुणाची खिडकी असेल तर क्लिअर तिथे मारूच नका. साधा घरगुती पंखा लावून वाफ बाहेर काढू नका, मोटरच्या ठिणगीने पेट घेते.

सगळ्यात शहाणपणाचं म्हणजे घासकाम, पुट्टी घरी करा आणि २के सर्फेसर, बेस, क्लिअर गावातल्या स्प्रे बूथवाल्याकडून मारून घ्या. मजुरीचा मोठा वाटा तयारीचाच असतो, तो तुम्ही वाचवलेला असेल. फक्त त्याला फायबर आहे हे आधीच सांगा. पत्र्याच्या गाडीसारखं ६० अंशांना भाजलं तर तुमच्या नव्या थरांतली अडकलेली हवा फुगून फोड येतील. हवेवर सुकू द्या म्हणावं, एक दिवस जास्त लागेल.

तिरफळ:
हे पटलं. काचेचं रबर काढायचं का मास्किंग करायचं?

रंगपेटी:
काढायची गरज नाही. रबराच्या ओठाखाली जाड नायलॉन दोरी सरकवत फिरवा, ओठ उचलला जातो आणि रंग त्याच्याखाली जातो. टेप क्लिअर अजून मऊ असताना, कडेपासून मागे दुमडत काढा, कडक झाल्यावर ओढली तर कडेचे तुकडे उडतात.