१९३८ ला झेक लोक लढले असते तर? बंकरांपुढे जर्मनांचे दात पडले असते का?

बंकरवेडा:
मंडळी, एक प्रश्न डोक्यातून जातच नाहीये. समजा म्युनिकमध्ये झेकांना न विचारता ठरलेला करार (सीमेवरचा सुडेटन पट्टा जर्मनीला देऊन टाकायचा) त्यांनी सरळ झुगारला असता आणि हिटलरने १ ऑक्टोबर १९३८ चा मुहूर्त धरून खरंच हल्ला केला असता, तर? फ्रेंचांच्या मॅजिनो लाइनच्या धर्तीवर सीमेवर बंकरांची रांग होती, २३ सप्टेंबरला मोबिलायझेशन म्हणजे सैन्याची जमवाजमव झालेली, दहा लाखांवर माणूस बंदूक घेऊन उभा, वर स्कोडासारखा तोफांचा कारखाना घरातच. मला तर वाटतं जर्मन तिथेच रुतले असते. चुकत असेन तर झापा.

गनिमीकावा:
झापतोच :) बंकर बघून हुरळू नकोस भावा, आधी नकाशा उघड. मार्चमध्ये ऑस्ट्रिया गिळल्यावर दक्षिणेची अख्खी बाजू जर्मनांच्या हातात आली आणि झेकांची भारी तटबंदी तर उत्तरेला, सायलेशियाच्या बाजूला. जर्मन प्लॅनच असा होता की वरून जनरल रुंडश्टेट, खालून ऑस्ट्रियातून जनरल लिस्ट, देशाच्या मधल्या मोराव्हियाला कमरेत आवळायचं म्हणजे पश्चिमेकडच्या बोहेमियातलं सैन्य आपोआप पिशवीत. त्यात सीमेच्या पट्ट्यात राहणारे तीसेक लाख सुडेटन जर्मन, म्हणजे गडाखालची वाडीच शत्रूची, रसद कुठून नेणार?

प्रागचा_पाहुणा:
नोकरीनिमित्त इकडेच असतो, नाखोदजवळचा दोब्रोशोव किल्ला बघून आलोय. डोंगराच्या पोटात लांबच लांब बोगदे, भिंती बघून छाती दडपते, बाहेर ऊन असूनही आत स्वेटर लागला. पण गंमत ऐका, असल्या मोठ्या किल्ल्यांसाठी ठरलेल्या हॉवित्झर तोफा सप्टेंबरपर्यंत आल्याच नव्हत्या! दोब्रोशोवचं तर बांधकामसुद्धा अर्धवट. म्हणजे बुरूज आहे, शिबंदी आहे, तोफ नाही. तरी अगदीच हसू नका, छोटे मशीनगनवाले बंकर दहा हजारांच्या घरात होते आणि काही मोठ्या बंकरांत ४७ मिमीची रणगाडाविरोधी तोफ बसलेली होती. समोर काय, तर बहुतेक पँझर १ आणि २ हे हलके रणगाडे, त्यातल्या पँझर १ वर नुसत्या दोन मशीनगन, चिलखत १३ मिमी. त्या तोफेने त्याचा डबा केला असता.

रणगाडेवाला:
+१. सगळे झेकांची कमजोरी मोजतायत, जर्मनांची कोण मोजणार? जर्मन जनरल स्टाफचा प्रमुख बेकने या हल्ल्याला विरोध करत ऑगस्टमध्ये राजीनामा दिला तो काय उगाच? पश्चिमेला मोजक्या डिव्हिजन, तिथल्या वेस्टवॉल या जर्मन तटबंदीचं काँक्रीट अजून ओलं. फ्रेंच तेव्हा खरंच आत घुसले असते तर बर्लिनची पळापळ झाली असती, आणि न घुसते तर माझ्या अंदाजाने झेक तीन-चार आठवडे तगले असते, जास्त नाही, पोलंडही सीमेवरच्या तेशेन भागावर डोळा ठेवून बसलेला होताच. पण ते तीन-चार आठवडे महाग पडले असते ना! दारूगोळा संपला असता, रणगाडे मोडले असते. प्रत्यक्षात काय झालं, मार्च १९३९ ला जवळजवळ काहीच न लढता झेकांचे शेकडो रणगाडे आणि स्कोडा जर्मनांच्या खिशात. १९४० ला रोमेलची ७ वी पँझर डिव्हिजन फ्रान्समध्ये धावली ती मुख्यतः झेक ३८(टी) रणगाड्यांवर.

गनिमीकावा:
हे मान्य. आणि बंकरही फुकट मिळालेच की. त्यांच्यावरच गोळे मारून बघितले, सराव केला आणि मे १९४० मध्ये ग्लायडरमधून उतरून ऐंशीएक माणसांनी बेल्जियमचा एबेन-एमेल किल्ला बंद पाडला.

बंकरवेडा:
अरे हे माहीतच नव्हतं, मी इतके दिवस भिंतींची जाडी मोजत बसलो होतो. प्रागवाले दादा, दोब्रोशोवला हिवाळ्यात जाता येतं का हो? डिसेंबरमध्ये येतोय तिकडे.

प्रागचा_पाहुणा:
वेळा बदलतात, निघायच्या आधी बघून घे. आणि चांगले बूट घाल, आत ओल असते.