आरसी गाडीच्या मोटरला फॅन लावण्याआधी पिनियन बदला

पिनियनवाला, पुणे

भांडायचंच आहे म्हणून लिहितोय. गेल्या रविवारी आमच्या नेहमीच्या मैदानावर कॉलेजचा एक पोरगा १/१० आकाराची रिमोटवर चालणारी बग्गी घेऊन आला, ३६५० कॅनची (३६ मिमी जाड, ५० मिमी लांब डब्याची) ब्रशलेस मोटर, त्यावर निळं हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारं पंखांचं ॲल्युमिनियम), त्यावर दोन फॅन, फॅनला लाइटपण. पाचव्या मिनिटाला गाडी जागेवर थांबली, ईएससीने (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटने) कट मारला. मी कॅनला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. वासपण सुटला होता, वायंडिंगच्या म्हणजे मोटरमधल्या तांब्याच्या वेटोळ्याच्या वार्निशचा तो गोडसर जळका वास, एकदा नाकात गेला की माणूस विसरत नाही. पोरगा मला विचारतो, "दादा, तिसरा फॅन कुठं बसवू?"

मी गाडी उलटी केली आणि चाकं हाताने फिरवून बघितली. मागचं डावं चाक अर्धा फेरासुद्धा घेईना, आतलं बेअरिंग वाळलेल्या चिखलाने जाम. पिनियन, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचं बारकं दातेरी चाक, कंपनीचा २० दातांचा काढून २३ चा टाकलेला, कारण व्हिडिओत कोणीतरी स्पीड वाढतो म्हणालं, आणि स्परला (तो ज्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतो त्याला) इतका चिकटवलेला की फिरवताना करकर आवाज. आणि चालवतोय कुठे, तर घोट्याएवढ्या गवतात!

तर माझं म्हणणं सरळ आहे. फॅन म्हणजे मिठाच्या पाण्याच्या घड्या. ताप तात्पुरता उतरतो पण आजार तिथेच राहतो. २३ चा २० केला की तेवढंच गवत कापायला मोटरला करंट साधारण १३ टक्के कमी लागतो, आणि वायंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते-घटते म्हणजे ती जवळजवळ २४ टक्के कमी होते. दीडदोनशे रुपयांच्या पिनियनमध्ये एवढं काम कुठला फॅन करतो ते सांगा. टॉप स्पीड १३ टक्के जातो हे खरं, पण गवतात तुम्ही टॉप स्पीडला कधी जाता?

वऱ्हाडी_थ्रॉटल, अकोला

भाऊ, तुमी पुण्यात बसून बोलून रायले. एकदा मे महिन्यात आमच्याकडे या, दुपारी ४४ असते, संध्याकाळी सहाला ग्राउंडवर गेलं तरी जमिनीतून वाफा येतात.

तुमचा हिशोब चूक नाही पण अर्धा आहे. मोटर तापते ती बाहेरच्या हवेच्या वर किती, असं मोजायचं असतं. तुमच्याकडे डिसेंबरात २४ डिग्री असताना मोटर ७४ ला गेली तर तुम्ही म्हणता मस्त, झकास. तीच गाडी, तोच पिनियन, तेच गवत आमच्याकडे मे मध्ये ९४ दाखवणार. वर तांब्याची भानगड वेगळीच, ते तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, दर डिग्रीला ०.४ टक्क्याच्या आसपास, म्हणजे ६० डिग्री चढली की पाव टक्का नाही तर पाव हिस्सा वाढला, आणि मग तेवढ्याच करंटला अजून जास्त उष्णता. गरम झालेली मोटर स्वतःच स्वतःला गरम करते. हे चक्र तोडायला वारा लागतो.

आणि फॅनला करंट लागतो किती, पाव अँपिअरपण नाही, मोटर तिकडे ४० खाऊन रायली. मी गेली चार उन्हाळे ३० मिमीचा एकच फॅन लावून गाडी चालवतो, तोच मोटर अजून आहे.

नाद_आरसी, कोल्हापूर

लई ताण घेताय राव तुम्ही. माझ्या गाडीत ५५० ची ब्रश मोटर आहे, सहाशेला मिळते, सीझनला दोन जाळतो. जाळ अन् धूर संगटच! क्लिनर, तेल, थर्मल पेस्ट, टेंपरेचर गन या सगळ्याचा खर्च लावला तर चार मोटरी येतात. खेळायला गाडी घेतलीय का सांभाळायला?

पिनियनवाला, पुणे

@नाद_आरसी भावा, सहाशेची मोटर जळते तेव्हा एकटी जात नाही ना. ब्रश जाम होऊन शॉर्ट झाली तर ईएससी घेऊन जाते आणि ती सहाशेला येत नाही. शिवाय तुझ्या मोटरचा शेंडा तापला की प्लास्टिकच्या माउंटमधले स्क्रू ढिले होतात, मोटर अर्धा मिलिमीटर सरकते, आणि स्परचे दात साफ. तू मोटरी मोजतोस, स्पर किती गेले ते सांग.

@वऱ्हाडी_थ्रॉटल हवेचं मान्य. पण ४४ ची हवा मारून तुम्ही मोटर ४४ च्या खाली आणू शकत नाही, हेपण मान्य करा. आणि फॅन नुसती हवा घेत नाही हो, धूळ, गवताचे तुकडे, केस सगळं ओढतो. त्याचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती बारकी नळी) वाळूने महिन्याभरात घासतं, मग तो निम्म्या वेगाने फिरतो आणि तुम्हाला वाटतं आपण सेफ आहोत. बंद पडलेला फॅन तर अजून वाईट, तो हीटसिंकच्या तोंडावर झाकण होऊन बसतो.

नाद_आरसी, कोल्हापूर

स्पर तीन. 😅

बुशकाका, डोंबिवली

मी या छंदात बराच जुना आहे, तामियाच्या किटमध्ये येणाऱ्या चंदेरी ५४० मोटरपासून सुरुवात, म्हणून थोडं लांबून बोलतो. तुम्ही दोघे ज्या मोटरबद्दल भांडताय ती एक नाहीये.

ब्रशलेसमध्ये वायंडिंग बाहेरच्या कॅनला चिकटून असतं आणि लोहचुंबक मधल्या शाफ्टवर फिरतात. म्हणून कॅनला हीटसिंक लावलं की वायंडिंगची उष्णता खरोखर बाहेर येते, अकोलेकरांचा फॅन तिथे काम करतो. ब्रशवाल्या मोटरमध्ये बरोबर उलटं, चुंबक कॅनला आणि तापणारं तांबं आत फिरतंय, मध्ये हवेची फट. तिथे कॅनला कितीही पंख असलेलं ॲल्युमिनियम चढवा, आतलं आर्मेचर आपलं भाजतच राहतं. तिथे उपयोग असतो तो मागच्या भोकांमधून हवा खेळण्याचा, आणि लोक नेमकी तीच भोकं चिखल आत जाऊ नये म्हणून टेप लावून बंद करतात!

ब्रश मोटरची निगा म्हणजे ब्रश आणि कम्युटेटर (ब्रश ज्याला घासून करंट देतात तो फिरणारा गोल भाग). नवी मोटर आणली की लगेच फुल थ्रॉटल मारू नका, दोन पेन्सिल सेलवर म्हणजे ३ व्होल्टवर लोड न देता पाचदहा मिनिटं फिरू द्या, म्हणजे ब्रशचं टोक कम्युटेटरच्या गोलाईला बसतं. नाही बसलं तर ठिणग्या उडतात, कम्युटेटर काळा पडतो, आणि मग तुमची मोटर "उगाच" तापते. कोणी ती पाण्याच्या ग्लासात बुडवून फिरवतात, पाणी काळं होतं ते बघायला मजा येते, पण नंतर वाळवली नाही आणि बुशला तेल दिलं नाही तर गंजते.

तेल म्हणजे शिलाई मशीनचं, सुईच्या टोकावर घेऊन एक थेंब, शाफ्टच्या दोन्ही टोकांना. डब्ल्यूडी-४० मोटरच्या आत मारू नका, त्याचा ओशटपणा राहतो आणि कार्बनची पूड त्याला चिकटून काळा चिखल होतो. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने खोबरेल तेल घातलं होतं. थंडीत ते गोठलं, मोटर सुरूच होईना, आणि तो मला म्हणे काका बॅटरी गेली.

वऱ्हाडी_थ्रॉटल, अकोला

काका, खोबरेल वाचून हसून हसून वेडा झालो. पण बघा, ब्रशलेसला फॅन चालतो हे काका बोलले, मी नाही!

बुशकाका, डोंबिवली

अर्धंच वाचलंत. चुंबक मधल्या शाफ्टवर आहेत म्हणालो ना, ते कॅनला टेकलेले नाहीत. फॅनने कॅन गार केला, तुम्ही बोट लावलं, वाटलं छान, पण मधला रोटर किती तापलाय ते तुम्हाला दिसत नाही. साध्या ग्रेडचा नियोडिमियम चुंबक ८० डिग्रीच्या पुढे कायमचा कमजोर व्हायला लागतो. महागड्या मोटरींत १५० पर्यंत टिकणाऱ्या ग्रेडचे असतात, स्वस्तातल्या मोटरीत कुठला घातलाय ते डब्यावर लिहिलेलं नसतं. आणि कमजोर झाला की गंमत अशी की गाडी मोकळ्या रस्त्यावर आधीपेक्षा जास्त पळते, कारण केव्ही (दर व्होल्टला मोटर किती आरपीएम फिरते तो आकडा) वाढतो. लोक खूश होतात. पण तेवढ्याच ओढीला करंट जास्त लागतो, म्हणजे अजून ताप. माझ्या मते ७० च्या वर गेली की गाडी उचला. फॅन असो नसो.

लाल_ठिपका, नाशिक

७० म्हणताय पण मोजताय कशाने? कारण इथे निम्मे लोक कोविडमध्ये आणलेली कपाळाची गन वापरतात, ती बॉडी मोडवर असली की ४३ च्या आसपास नुसतं "हाय" दाखवून गप्प बसते. सामानाची गन वेगळी घ्यावी लागते. आणि तीसुद्धा चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटं बोलते, पॉलिश केलेला कॅन आरशासारखा असतो, गनला मोटर नाही तर आजूबाजूची उष्णता दिसते, आकडा कमी येतो. मी पहिले दोन महिने ५५ बघून निर्धास्त होतो. मग कॅनवर वायरिंगच्या काळ्या टेपचा बोटभर तुकडा चिकटवला आणि त्यावर ठिपका धरला तर ७८! तीच मोटर, तोच मिनिट.

अजून एक, गाडी थांबल्या थांबल्या मोजू नका. फॅन बंद होतो, आतली उष्णता बाहेर यायला लागते, आकडा पुढची दोनतीन मिनिटं चढतच असतो. म्हणून गाडी थांबली की बॉडी काढून ठेवा, लगेच दुसरी बॅटरी टाकून पळवू नका, मीपण पळवायचो, आता दहा मिनिटं वडापाव खातो.

पिनियनवाला, पुणे

टेपची टिप सोन्यासारखी आहे. पण मूळ मुद्द्यावर या. गाडी खोलून चाकं मोकळी फिरतात का बघणं, मेश (स्पर आणि पिनियनचे दात किती घट्ट बसलेत ते) बघणं, हे कोणी करत नाही कारण ते फॅनसारखं वरून दिसत नाही. मेशसाठी वहीच्या कागदाची पट्टी स्पर आणि पिनियनमध्ये घाला, दाबून स्क्रू आवळा, पट्टी फिरवून काढा. पट्टीवर दातांच्या घड्या पडायला हव्यात, फाटली तर घट्ट, घड्याच नाहीत तर ढिलं. दोन मिनिटांचं काम, पंधरा डिग्रीचा फरक मी स्वतः पाहिलाय.

नाद_आरसी, कोल्हापूर

आणि पिनियन फार बारका केला तर? मी एकदा १५ दाती टाकला, डांबरी रस्त्यावर सारखं फुल थ्रॉटल, मोटर नुसती किंचाळत होती, तरी तापलीच की.

पिनियनवाला, पुणे

बरोबर आहे, सतत टॉप आरपीएमवर ठेवलं की लोखंडातली उष्णता आणि बेअरिंगचं घर्षण दोन्ही वाढतात. मी बारका म्हटलं, बोन्साय नाही म्हटलं. एकदोन दात उतरा, मोजा, मग बघा.

वऱ्हाडी_थ्रॉटल, अकोला

तीन दिवस गायब होतो कारण म्हटलं भांडण्यापेक्षा मोजून घेऊ. ३६५० मोटर, ३३०० केव्ही, २एस (दोन सेलची) बॅटरी, शाळेमागचं तेच मैदान, संध्याकाळी सहा, हवा रोज ४३ च्या जवळपास. प्रत्येक वेळी बॅटरी फुल, आठ मिनिटं, कॅनवर काळी टेप (नाशिकवाल्या भाऊला धन्यवाद), थांबल्यावर दोन मिनिटांनी आकडा. चारही चाकांची बेअरिंग आधी पेट्रोलमध्ये धुऊन तेल दिलं, एक खरंच जाम होतं, ते पुणेकरांना सांगायचं नव्हतं पण सांगतो.

२३ चा पिनियन, फॅन नाही : ९६. लगेच उचलली, वास येत होता.
२३ आणि फॅन : ८४.
२० चा पिनियन, फॅन नाही : ८३.
२० आणि फॅन : ७५.

पिनियनवाला, पुणे

८३ विरुद्ध ८४. मी जिंकलो. 😎

लाल_ठिपका, नाशिक

गनची चूकच दोन डिग्रीची असते. कोणी जिंकलेलं नाही. आणि दोन्ही करूनसुद्धा काकांच्या ७० च्या वरच आहे.

बुशकाका, डोंबिवली

तेच. संध्याकाळऐवजी सकाळी सहाला जा, हवा पंधरा डिग्री फुकट गार मिळेल.

वऱ्हाडी_थ्रॉटल, अकोला

काका, सकाळी सहाला तिथं पोलीस भरतीवाले पोरं धावतात, गाडी मधात घातली तर लाथ बसते. सध्या २० आणि फॅन दोन्ही ठेवलं आहे, आठऐवजी पाच मिनिटं चालवतो. फक्त माझा पोरगा रुसून बसला, म्हणतो बाबा गाडी स्लो झाली, २३ वाला परत टाका. पिनियन लपवून ठेवलाय, पण त्याला ॲलन की कुठं असते ते माहीत आहे.