काळी चारच्या अलीकडचा सूर

जेकब कॉलियर या इंग्लिश गायक-वादकाचे ते रंगीबेरंगी ढगळ कपडे आणि पायातले क्रॉक्स बघून 'हा काय गाणार' असं तुम्हाला वाटेल, तसं मलाही वाटलं होतं. पण 2016 चा त्याचा पहिला अल्बम त्याने लंडनमधल्या आपल्या घरातल्या खोलीत एकट्याने सगळी वाद्यं वाजवून केला, आणि त्यातल्या गाण्यांच्या अरेंजमेंट्सना 2017 मध्ये दोन ग्रॅमी मिळाले.

एका नाताळगीतात तर तो, पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत सांगायचं तर, पांढरी तीनवरून निघून थेट पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधल्या सांदीत जाऊन बसतो. त्या जागेला पेटीवर पट्टीच नाही! आणि कान दचकत नाही.

'त्याला परफेक्ट पिच आहे म्हणून हे जमतं' असं कुणी म्हटलं, तर तेवढंच काही पटत नाही. परफेक्ट पिचचा कान म्हणजे नुसता सूर ऐकून त्याचं नाव ओळखण्याची देणगी, गाणं वेगळंच. आपल्याकडे तर सा हवा तिथे धरायचा असतो. माझ्या भाचीला हा कान आहे. क्लासमधल्या स्केल चेंजर पेटीवर, म्हणजे पट्ट्या सरकवून सूर बदलता येणाऱ्या पेटीवर, पांढरी एक दाबली की काळी दोन वाजायची, आणि पोरगी रडकुंडीला यायची. बोट एक सांगतंय, कान दुसरंच. शेवटी बाईंनी तिला पेटीपासून उठवून तानपुऱ्याशी बसवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

बाकी क्रॉक्सचं म्हणाल तर तासन् तास उभं राहून वाजवायला बरे पडत असतील!